गाठ

केमीयार्वीत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लावावे लागतात.
दर बुधवारी शाळेच्या तळघरात आम्ही जमतो,
रिकाम्या न्हाव्याने भिंतीला तुंबड्या लावाव्यात
तसे लाकडाला लागतो.

ताइस्तो पक्ष्यांची घरं करतो.
एकाहत्तर झाली. गावात तेवढे पक्षी नाहीत.
बायकोने अंगणात बंदी घातल्यापासून
तो ती पेट्रोलपंपामागे ठेवून येतो, गुपचूप,
मांजराची पिल्लं सोडून यावीत तशी.

मी चमचे करतो.
माझे चमचे कुणाच्या तोंडात मावत नाहीत.
पण सुरीखालून एखादी ढलपी निघते,
पातळ, वळत वळत, अख्खी,
तेव्हा दिवसभर तपासलेलं रक्त
नळ्यांसकट विसरायला होतं.

ओर्वोक्कीने बत्तीस वर्षं टपाल वाटलं.
तिच्या वाटेवरचा एक भूर्ज रस्तेवाल्यांनी पाडला.
बुंध्यावर गाठ होती, माणसाच्या डोक्याएवढी.
"रोज दिसायची," ती म्हणाली,
"पण हिच्या नावाचं पत्र कधी आलं नाही."
घसरगाडीवर घालून तिने ती आणली
आणि तिच्यातून कप कोरायला बसली.

गाठीतल्या शिरा सरळ जायचं विसरलेल्या असतात.
पटाशी अडते, मग एकदम सुटते.
साइमी, आमची शिक्षिका, आमच्या नातीच्या वयाची,
तिचं एकच म्हणणं: घाई नको.
कोरलं की मिठाच्या पाण्यात उकळा,
पिशवीत भुशात पुरा,
आणि विसरून जा.

ओर्वोक्कीला विसरणं जमलं नाही.
रोज काढून बघायची.
एकदा सौनाच्या भट्टीपाशी ठेवला, जरासाच,
आणि काठापासून बुडापर्यंत
केसाएवढा तडा.

त्या बुधवारी सखीदाद पहिल्यांदा आला होता.
हेरातचा. इथे पहाटे रस्त्यावरचा बर्फ काढतो.
तिकडे बापाच्या आणि त्याच्या बापाच्या हाताखाली
दारं, पेट्या, पाळणे.
आमचं पॉलिशकागद घासणं बघून
मिशीत हसत होता.
त्याने कप उचलला, दिव्यासमोर फिरवला,
भंगारातून अक्रोडाचा तुकडा शोधला,
इवलासा डमरू कापला
आणि तड्यावर आडवा बसवला.
अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं.
बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता.

आम्ही टाळ्या वाजवल्या.
ओर्वोक्की वाजवत नव्हती.
तिने कप घेतला, बराच वेळ बघितला,
मग पटाशीच्या टोकाने
तो डमरू ठोकून बाहेर काढला.

तळघरात फक्त हिटरचा आवाज.
ताइस्तो एकाच खिळ्याकडे बघत राहिला.

सखीदादने खाली पडलेला तुकडा उचलून खिशात टाकला.
मोडक्या फिनिशमध्ये, शब्द चाचपत म्हणाला:
"आमच्याकडे संध्याकाळच्या आत वस्तू संपवायची.
तुम्ही वस्तू घेऊन
संध्याकाळ संपवता."
रागावला होता की नाही, मला कळलं नाही.
मग त्याने स्वतःची लहान पटाशी
तिच्यापुढे सरकवली, मूठ तिच्याकडे करून.

तिला सहा बुधवार लागले.
चार डमरू तुटले, पाचवा वाकडा बसला.
मध्ये एकदा अंगठा कापला, तिघांनी मिळून पट्टी बांधली.
सखीदाद शेजारी बसून काहीच करत नव्हता,
म्हणजे काहीच न करणं त्याला किती जड जातंय
हे आम्हाला दिसत होतं.
हात मांड्यांखाली दाबून बसायचा.

जवसाचं तेल पाजून झालं,
कॉफी ओतली.
कप गळतो.
फार नाही, दहा मोजेपर्यंत एक थेंब.

पहिला घोट तिने त्याला दिला.
त्याने कप दोन्ही हातांत धरला,
वाकड्या डमरूवर अंगठा दाबून,
आणि सगळी कॉफी संपेपर्यंत
अंगठा उचलला नाही.

ताइस्तोने बहात्तरावं घर काढलं.
छत जरा मोठं आहे.
सखीदादला विचारतोय,
तिकडे कुठले पक्षी असतात.